पायी चालणाऱ्यांसाठी कायदा काय म्हणतो? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी कोणीतरी रस्ता क्रॉस करताना धडपडतं, मग तीच चर्चा, तेच प्रश्न, आणि शेवटी "आपल्याकडे काही होणार नाही" म्हणून सगळे गुड नाइट. म्हणून एकदाच सगळं बसून लिहून काढलंय. मी वकील नाही, पण रोज चार-पाच किलोमीटर पायी चालणारा पुण्यातला माणूस आहे आणि कायद्याची कलमं वाचायची थोडी सवय लागली आहे. जास्त करून महाराष्ट्र डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, पण मोटार वाहन कायदा केंद्राचा असल्यामुळे बरंचसं देशात सगळीकडे लागू आहे.

पादचाऱ्याला कायद्यात खरंच काही हक्क आहेत का, का नुसत्या पाट्याच?

आहेत, आणि आपल्याला वाटतात त्यापेक्षा बरेच आहेत. गंमत अशी की ते एका जागी सापडत नाहीत. थोडे मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये, थोडे २०१७ च्या ड्रायव्हिंग नियमावलीत (ही आल्यावर १९८९ ची जुनी गेली), थोडे महापालिका कायद्यात, आणि राहिलेले कोर्टाच्या निकालांत. मे २०२५ मध्ये तर सुप्रीम कोर्टाने सरळ सांगितलं की चालण्याजोगा, अतिक्रमण नसलेला फूटपाथ मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. म्हणजे फूटपाथ ही पालिकेची मेहरबानी नाहीये.

एवढी गरज का पडली, ते आकडे बघितले की कळतं. केंद्राच्याच अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. पाचात एक. यांच्याकडे ना हेल्मेट ना सीटबेल्ट ना एअरबॅग, आणि तरी "ट्रॅफिक" म्हटलं की आपल्याकडे फक्त गाड्याच मोजतात.

झेब्रा क्रॉसिंगवर पाय ठेवला की गाडी थांबलीच पाहिजे का?

सिग्नल किंवा पोलिस नसलेला झेब्रा असेल तर हो. २०१७ च्या नियमावलीत स्पष्ट लिहिलंय की अशा क्रॉसिंगजवळ येताना ड्रायव्हरने वेग कमी करायचा, थांबायचं, आणि पायी चालणाऱ्यांना, व्हीलचेअरवाल्यांना आधी जाऊ द्यायचं. हॉर्न वाजवून, डिपर मारून "मी आलो, तुम्ही थांबा" असं सांगायची सोय त्यात कुठेच नाही.

सिग्नल असेल तर नियम अजून सोपा, लाल असताना स्टॉप लाइनच्या मागे थांबायचं. आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, पुढे ट्रॅफिक तुंबलंय आणि आपण झेब्रा पार करून पलीकडे जाऊ शकणार नाही हे दिसत असेल तर सिग्नल हिरवा असला तरी झेब्र्यावर गाडी न्यायची नाही. आपल्याकडे बरोबर उलटं होतं, एक बस आणि चार रिक्षा झेब्र्यावर आडव्या आणि माणसं त्यांच्या बंपरमधून वाट काढतायत.

दंडाचं म्हणाल तर अशा नियमभंगाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ए खाली ५०० ते १००० रुपये आणि लाल सिग्नल तोडला तर तो कलम १८४ च्या धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरला जाऊ शकतो. तिथे पहिल्या वेळी १००० ते ५००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

पण तुम्ही पण एक करा प्लीज. झेब्रा आहे म्हणून डोळे मिटून उडी मारू नका. ५० च्या वेगाने येणाऱ्या गाडीला ब्रेक लावून थांबायला बरंच अंतर लागतं, पावसात तर अजून जास्त. पांढऱ्या पट्ट्यांना ब्रेक नसतात. हात वर करा, ड्रायव्हरच्या डोळ्यात बघा, गाडी हळू होतेय असं दिसलं की निघा.

मी रस्त्याच्या मध्यावर असतानाच माझा सिग्नल संपला, आता चूक कोणाची?

तुम्ही पादचारी सिग्नलवरचा हिरवा माणूस दिसल्यावर निघाला असाल तर तुमची नाही. समोरच्यांना हिरवा मिळाला म्हणून रस्त्यात असलेल्या माणसाच्या अंगावर गाडी घालायचा परवाना मिळत नाही, तुम्ही पलीकडे पोचेपर्यंत थांबणं हे ड्रायव्हरचं काम आहे. तोच माणूस लुकलुकायला लागल्यावर तुम्ही फूटपाथवरून उतरला असाल तर मात्र घाई तुमची.

इथे एक साधा हिशोब करून बघा. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरतात. चार लेनचा रस्ता साधारण १४ मीटर, म्हणजे १२ सेकंद लागले. आता माझी आई, वय ७४, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, हातात भाजीची पिशवी, तिला याच्या दुप्पट वेळ लागतो, मी मोबाईलवर टायमर लावून मोजलंय. आमच्या चौकात पायी चालणाऱ्यांना मिळतात १५ सेकंद, म्हणजे तरुण माणूस आरामात पोचतो आणि आई रोज दुभाजकाला धरून उभी राहते आणि पुढच्या सिग्नलची वाट बघते. तुमच्याकडे असं असेल तर मोजून, आकडा लिहून वाहतूक शाखेला अर्ज द्या, "वेळ कमी पडतो" एवढंच लिहिलं तर कोणी हलत नाही.

सिग्नलचा विषय निघालाच आहे तर, २०२० मध्ये मुंबईत दादर-माहीम भागातल्या पादचारी सिग्नलवर बाईची आकृती बसवली होती, फ्रॉकवाली. छान दिसते. सेकंद मात्र तेवढेच.

फ्री लेफ्टला कोणाला आधी जायचं?

तुम्हाला. "फ्री" म्हणजे सिग्नलसाठी थांबायची गरज नाही एवढंच, माणसांसाठी थांबायचं असतंच. आणि जिथे तशी पाटी किंवा हिरवा बाण नाही तिथे डावीकडे वळणं पण फ्री नसतं, हे निम्म्या बाइकवाल्यांना माहीतच नाही.

झेब्राच नसेल तर कुठून क्रॉस करायचं?

जिथून दोन्ही बाजूंचं लांबवर दिसतं तिथून. वळणावर, चढाच्या माथ्यावर, उभ्या बसच्या पुढून नको. बसच्या पुढून तर अजिबातच नको, कारण बसला ओव्हरटेक करणाऱ्याला तुम्ही दिसतच नाही आणि तुम्हाला तो दिसत नाही. झेब्र्यावर मिळतो तसा आधी जायचा हक्क इथे नाही, पण ड्रायव्हरची काळजी घ्यायची जबाबदारी संपत नाही. पायी चालणारे, सायकलवाले, मुलं, वृद्ध, अपंग यांची खास काळजी घ्यायची असं त्याच नियमावलीत आहे.

फूटपाथ नाही, मग डावीकडून चालू का उजवीकडून?

शाळेत आपल्याला "डाव्या बाजूने चाला" शिकवलं आणि ते डोक्यात पक्कं बसलंय, पण ते गाड्यांसाठी. फूटपाथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेने चालावं, म्हणजे समोरून येणारी गाडी आपल्याला दिसते. डावीकडून चाललात तर गाडी पाठीमागून येते आणि तुम्ही तिच्या भरवशावर. मोठा घोळका असेल तर तीन-तीन चार-चार जणांनी आडवी फळी करून गप्पा मारत जाऊ नये, एकामागे एक.

रात्री हायवेने पायी निघणाऱ्यांनी हे जास्त लक्षात ठेवायला पाहिजे. शिर्डीला पदयात्रा निघतात, दिंड्या निघतात, पहाटे अंधारात माणसं रस्त्याच्या कडेने असतात आणि अंगावर गडद शाल. पाठीवर चमकणारी पट्टी आणि पुढे-मागे टॉर्चवाला माणूस, खर्च फार नाही. आळंदी आणि देहूहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखी मार्गांचं चौपदरीकरण करताना वारकऱ्यांना चालायला दोन्ही बाजूंना वेगळी वाट ठरवली, नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याची पायाभरणी झाली. शेकडो वर्षं माणसं चालतायत त्या रस्त्याला चालायची वाट मिळायला एवढी वर्षं लागली, असो.

फूटपाथवरून बाइक आली आणि वर मलाच म्हणाला बाजूला व्हा, मी काय करू?

बाजूला व्हा (हाडं आपली आहेत) आणि नंबर प्लेटचा फोटो काढा. फूटपाथवर किंवा सायकल ट्रॅकवर गाडी चालवायला बंदी आहे, अपवाद दोनच, गणवेशातल्या पोलिसाने सांगितलं असेल किंवा तशी पाटी असेल. "समोर ट्रॅफिक आहे म्हणून" हा अपवाद कुठल्याच कायद्यात नाही.

मी एकदा अशा एकाला अडवून उभा राहिलो होतो. चांगला शिकलेला, ऑफिसचं आयडी कार्ड गळ्यात, मला म्हणाला काका मला पाच मिनिटं उशीर झालाय. मी म्हटलं मलाही झालाय, मी चालत आहे. मागे अजून तीन बाइक लागल्या आणि चौघं मिळून मलाच शिकवायला लागले. तेव्हापासून भांडत नाही, फोटो काढतो. फोटोत नंबर, जागा ओळखू येईल अशी खूण आणि वेळ दिसली पाहिजे.

फूटपाथवर गाड्या पार्क केलेल्या असतात, टपऱ्या असतात, त्यांचं काय?

दोन वेगळे प्रकार आहेत, एकत्र करू नका.

गाडी पार्क करणं सरळ बेकायदा. फूटपाथवर, झेब्र्यावर पार्किंग करायचं नाही असं नियमावलीत आहे, धोकादायक पद्धतीने गाडी सोडून जाण्यावर मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ आहे, आणि सार्वजनिक रस्त्यात अडथळा केल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली ५००० रुपयांपर्यंत दंड आहे. जुन्या आयपीसीत हाच दंड २०० रुपये होता, तेवढ्यात आजकाल दोन सँडविच येतात.

फेरीवाल्यांचं तसं नाही. त्यांना २०१४ च्या पथविक्रेता कायद्याचं संरक्षण आहे, त्यात शहराच्या किंवा वॉर्डाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं आणि टाउन व्हेंडिंग कमिटीच्या (फेरीवाल्यांचा विषय बघणारी शहराची समिती) सल्ल्याने जागा ठरवायच्या असं आहे. फूटपाथवर राहणाऱ्यांच्या १९८५ च्या मुंबईतल्या प्रसिद्ध खटल्यात सुप्रीम कोर्टाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, आणि त्याच निकालात हेही सांगितलं की फूटपाथ मुळात चालणाऱ्यांसाठी असतात. दोन्ही वाक्यं खरी आहेत. माझं मत विचाराल तर भाजीवाली मावशी दोन फूट जागा घेते आणि तिच्यामागे दुकानदाराने आपला काउंटर, फ्रीज आणि पुतळे पाच फूट बाहेर आणलेले असतात, पण कारवाईची गाडी आली की उचलली जाते ती मावशीची टोपली. दुकानाबाहेर केलेलं अतिक्रमण हटवायचे अधिकार आयुक्तांना आहेत, मुंबई महापालिका कायद्यात तर कलम ३१४ खाली नोटीस न देतासुद्धा.

फूटपाथ किती रुंद पाहिजे?

रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे राहत्या भागात चालायला मोकळी अशी किमान १.८ मीटर रुंदी आणि डोक्यावर २.२ मीटर मोकळी जागा. मोकळी म्हणजे विजेचा डीपी बॉक्स, झाड, विजेचा खांब, कमान हे सगळं वगळून. बाजारपेठेत २.५ मीटर. उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आपल्याकडे कित्येक फूटपाथ गुडघ्याएवढे उंच असतात आणि दर बंगल्याच्या गेटशी तुटलेले, चढ उतर चढ उतर, त्यामुळे माणूस कंटाळून खाली रस्त्यावरूनच चालतो आणि मग लोक म्हणतात फूटपाथ असून वापरत नाहीत. पुण्यात जंगली महाराज रस्त्याचे फूटपाथ रुंद आणि सलग केले तर तिथे लोक आपोआप चालायला लागले की. लक्ष्मी रोडवर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात, एक दिवस गाड्या बंद. उरलेले ३६४ दिवस आहेतच.

पादचारी पूल किंवा स्कायवॉक असताना खालून क्रॉस केलं तर?

पूल किंवा भुयारी मार्ग आहे आणि खाली बॅरिकेड लावलंय, तर वरूनच जायला पाहिजे. दुभाजकावरून उडी मारणं, जाळी वाकवून जाणं हे सगळ्यात घातक. पण पुलाचंही ऐका, खालून कंटेनर जायला साधारण साडेपाच मीटर उंची सोडतात म्हणजे माणसाला चाळीसच्या आसपास पायऱ्या चढून परत तेवढ्याच उतरायच्या, रस्ता ओलांडायला फक्त. लिफ्ट असेल तर ती बंद. मुंबईत २००८ मध्ये वांद्रे पूर्वेला पहिला स्कायवॉक आला, मग जागोजागी आले, त्यातले काही गजबजलेले असतात आणि काहींवर माणूस दिसत नाही. गाडीला सरळ जाऊ द्यायचं आणि पायी चालणाऱ्याला चढवायचं ही कल्पनाच मला उलटी वाटते.

रेल्वे रूळ ओलांडण्याचं मात्र वेगळं आहे, तिथे वाद नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

पायी चालणाऱ्याला दंड होऊ शकतो का? मोबाईल बघत चाललो तर?

मोटार वाहन कायद्यात "चुकीच्या जागी रस्ता ओलांडला" म्हणून पादचाऱ्याला ठरलेला असा दंड नाही. पण पोलिसांचं योग्य सांगणं ऐकावंच लागतं, महाराष्ट्र पोलिस कायद्याचं कलम ६८ त्यासाठीच आहे. वाहतूक पोलिसाने हात दाखवला तर थांबा. आणि मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३८ मध्ये राज्य सरकारांना पादचाऱ्यांसाठी नियम करायचा अधिकार दिलाय, ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्यांना हे नियम सहा महिन्यांत करा असा आदेशही दिला.

मोबाईलला दंड नाही, पण उद्या अपघात होऊन भरपाईचा दावा लागला तर कानात हेडफोन होते की नव्हते हे समोरचा वकील नक्की विचारणार.

एक्सप्रेसवेवर चालता येतं का?

नाही. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, वांद्रे-वरळी सी लिंक, अटल सेतू, कुठेच नाही. गाडी बंद पडली तर खाली उतरून रेलिंगच्या पलीकडे सुरक्षित उभं राहा, लेनमध्ये फोटो काढत फिरू नका.

गाडीने धडक दिली, पहिल्यांदा काय करायचं?

११२ किंवा १०८ ला फोन. गाडीचा नंबर. बाकी सगळं नंतर.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळतील हे बघणं ड्रायव्हरचं काम आहे, जवळ पोलिस नसेल तर लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत, पोलिस स्टेशनला कळवायचं. कायद्याने यात एक सूट दिलीय, जमाव मारायला उठला असेल आणि थांबणं शक्य नसेल तर. म्हणून ड्रायव्हरला धोपटायला निघालेल्या वीरांना हात जोडून सांगा, तुम्ही मारायला लागलात की त्याला पळायला कायदेशीर कारण मिळतं.

खर्चाची भीती असेल तर ५ मे २०२५ पासून कॅशलेस उपचाराची योजना लागू झाली आहे, मोटार वाहनाच्या अपघातातल्या जखमीला अपघातापासून ७ दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये. विमा आहे का नाही हा प्रश्नच येत नाही. आणि मदत करणाऱ्याला कोणी अडकवू शकत नाही, कलम १३४ए आहे, नाव सांगायचीही सक्ती नाही. माझ्या शेजाऱ्याने एका जखमी काकूंना रिक्षात घालून नेलं तर घरचे त्यालाच "कशाला लफड्यात पडतोस" म्हणून ओरडले. उलट जीव वाचवणाऱ्याला आता राह-वीर योजनेत २५,००० रुपये बक्षीस आहे.

नंतर एफआयआरची कॉपी, स्पॉट पंचनामा, हॉस्पिटलचे सगळे कागद, औषधांची बिलं, हे एका फाइलमध्ये. निष्काळजी ड्रायव्हिंगला भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ आणि मृत्यू झाला तर १०६, ज्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

गाडीवाला पळून गेला आणि नंबरच मिळाला नाही तर?

तरी पैसे मिळतात, हे लोकांना माहीतच नसतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली हिट अँड रनमध्ये मृत्यू झाला तर २ लाख आणि गंभीर जखमीला ५०,००० रुपये, १ एप्रिल २०२२ पासून. त्याआधी हे २५,००० आणि १२,५०० होते. अर्ज जिथे अपघात झाला त्या तालुक्याच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदारांकडे. पोलिस स्टेशनमधून हे कोणी सांगितलं नाही तर आपण विचारायचं.

थोडी चूक माझीही होती, मग भरपाई बुडाली का?

पूर्ण बुडत नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण तुमचा निष्काळजीपणा किती टक्के ते ठरवतं आणि तेवढी रक्कम कापतं. शिवाय कलम १६४ आहे, त्यात चूक कोणाची हे सिद्धच करावं लागत नाही, मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख. कलम १६६ चा मोठा दावा अपघातापासून सहा महिन्यांत टाकावा, त्यामुळे "बरं वाटल्यावर बघू" असं करू नका.

गाडीने नाही, खड्ड्यात किंवा उघड्या मॅनहोलमध्ये पडलो तर?

२०१७ च्या २९ ऑगस्टच्या पावसात मुंबईत एक नामांकित डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले, आठवत असेल. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमींना ५०,००० ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश दिला. पडल्यावर आधी त्या जागेचा फोटो, कारण दुसऱ्या दिवशी झाकण बसलेलं असतं. एवढी तत्परता एरवी दिसत नाही.

तक्रार करायची कुठे?

गाड्यांची तक्रार महाट्रॅफिक ॲपवर किंवा शहराच्या वाहतूक पोलिसांकडे, फूटपाथ आणि अतिक्रमणाची वॉर्ड ऑफिसला, मुंबईत १९१६ वर. हायवेला १०३३. तक्रार क्रमांक जपून ठेवा आणि महिन्याने त्याच क्रमांकाने परत विचारा. माझी एक तक्रार "निराकरण झाले" म्हणून बंद झाली होती, टपरी तिथेच होती, म्हणून मी टपरीसमोर उभं राहून चहा घेतला आणि फोटोसकट परत पाठवली.

मी झेब्र्यावर आहे आणि मागचा सतत हॉर्न मारतोय, त्याला काय म्हणायचं?

विनाकारण हॉर्न वाजवायला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४एफ खाली पहिल्यांदा १००० रुपये दंड आहे, दुसऱ्यांदा २०००. माझी आई असलं काही सांगत बसत नाही. ती झेब्र्यावर थांबते, पिशवी दुसऱ्या हातात घेते, मागे वळून त्याच्याकडे बघते, आणि होती त्यापेक्षा हळू चालायला लागते.